सेतुरावांचा काटा

सेतुरावांनी माझं नाव विचारलं त्याआधी माझी जीभ पाहिली.

बदली होऊन मी मद्रासला आलो होतो. वेस्ट मांबलममधल्या एका लांबट घरात दोन खोल्या मिळाल्या होत्या. सामान अजून जटक्यातून, म्हणजे तिकडच्या घोडागाडीतून, उतरत होतं आणि मांबलमचे सुप्रसिद्ध डास आमच्या स्वागताला जमले होते. एवढ्यात शेजारच्या दारातून एक उंच, काटकुळे गृहस्थ बाहेर आले. पांढरी वेष्टी, कपाळावर गंध, खांद्यावर अंगवस्त्र. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जीभ दाखवा की."

या प्रांतात नव्या बिऱ्हाडाचं असंच स्वागत करत असतील असं समजून मी जीभ दाखवली. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं.

"ब जीवनसत्त्वाचा दुष्काळ आहे," ते म्हणाले. "पुण्याहून आलेत काय?"

"साताऱ्याहून."

"तेंच तें. नांव काय?"

मी साठे असं सांगितलं. तोवर माझी बायको सुशीला हातातली कळशी घेऊन आत पळाली होती, कारण तिच्या लक्षात आलं होतं की पुढची पाळी तिची.

सेतुराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून दक्षिणेत उतरले. पुढे घोडे गेले, राज्य गेलं, मराठी तेवढी शिल्लक राहिली. 'जाहलें', 'येणेंप्रमाणें' हे शब्द मी जुन्या कागदपत्रांत पाहिले होते. सेतुराव ते कालच्या सांबाराबद्दल वापरत. माझी मराठी त्यांना पसंत नव्हती. "तुमचें मराठी फार नवें," ते म्हणत. "पीठ वाटलें आहे, अजून आंबलें नाही."

एका सरकारी कचेरीत ते आहार-पाहणीचे निरीक्षक होते. लोकांची पोषणस्थिती तपासायची आणि तिच्यावरून त्यांचा आहार सुधारायचा, असं त्या कचेरीचं काम. म्हणजे लोक काय खातात ते आधी बघायचं, आणि मग त्यांनी काय खायला हवं होतं ते त्यांना सांगायचं. पहिलं काम सेतुरावांचं, दुसरं डायरेक्टरसाहेबांचं. या दोहोंच्या मधे लोकांना अन्न मिळण्याचं एक काम असतं. ते कुणाकडेच सोपवलेलं नव्हतं.

सेतुराव माणसांना चेहऱ्यानं ओळखत नसत. त्यांना आठवायच्या त्या जिभा, ओठांचे कोपरे आणि खालच्या पापणीचा रंग. पोस्टमनबद्दल बोलताना ते "तो पांढऱ्या पापणीचा" म्हणत. आपण बरे आहोत असं कुणी सांगू लागला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "जीभ खोटें बोलते, साठेराव, जिभेचा रंग बोलत नाही."

आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांच्या मुलीला बघायला मंडळी आली होती. मी सेतुरावांना सोबत नेलं, ही माझी चूक. मुलगा देखणा, बँकेत नोकरी, मुलीला पसंत. सगळे केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, तोंडात घालून तारखेचं बोलू लागले, तेव्हा सेतुराव त्या मुलाच्या बापाला म्हणाले, "मुलगा बरा आहे. परंतु तोंडाचे कोपरे फाटले आहेत. लग्न दोन महिने थांबवा आणि त्याला रोज कीरै घाला." कीरै म्हणजे पालेभाजी. लग्न थांबलं नाही. आमचं त्या घरी जाणं थांबलं.

भाताच्या पेजेवर त्यांचा विशेष जीव. आमच्याकडे भात वेळून पेज टाकून देतात हे त्यांना मोरीच्या वासावरून कळलं. दारात उभे राहून ओरडले, "अय्यो वहिनीबाई! सत्त्व मोरीला पाजलें आणि चोथा नवऱ्याला वाढला!" त्यावर सुशीलानं आठ दिवस न वेळलेला भात केला. त्या भातानं पाकिटं चिकटवता आली असती. नवव्या दिवशी विज्ञान आणि पाककला यांच्यात तह झाला: भात पूर्वीसारखा वेळायचा आणि पेज मी प्यायची.

त्यांचे डायरेक्टरसाहेब परदेशातून पोषण शिकून आले होते आणि ते त्यांना चांगलं मानवलं होतं. त्यांची मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे सांगणं कठीण होतं. अज्ञान हेच कुपोषणाचं मूळ, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांनी एक पत्रक छापून घरोघर वाटलं. रोज एक अंडं, अर्धा लिटर दूध आणि एक सफरचंद खावं, असा त्यात सल्ला होता. वर त्या तिघांचं रंगीत चित्र. आमच्या गल्लीत निम्मी घरं सोवळ्याची. अंड्याच्या चित्राचा कागद घरात कसा घ्यायचा म्हणून तिथल्या बायकांनी तो चिमट्यानं उचलून बाहेर ठेवला. सफरचंद गल्लीतल्या मुलांनी त्या कागदावरच पहिल्यांदा पाहिलं. तरी पत्रकामुळे आमच्या आहारात थोडी भर पडली हे मान्य केलं पाहिजे. कोपऱ्यावरचा दाणेवाला त्याच्या पुड्या बांधू लागला.

पुढे एक दिवस सेतुराव फार आनंदात घरी आले. गल्लीच्या टोकाला एक प्राथमिक शाळा होती. तिथल्या मुलांना सरकारकडून दुपारचं जेवण द्यायचं की नाही, हे ठरवण्यासाठी आमच्याच गल्लीची आहार-पाहणी व्हायची होती आणि ती सेतुरावांकडे आली होती. दहा घरं, सात दिवस. रोज सकाळी चूल पेटण्याआधी प्रत्येक घरी जायचं आणि त्या दिवशी शिजणारं सगळं कच्चं अन्न तोलायचं.

"लोक पोटभर खात नाहींत हें मला ठाऊक आहे," सेतुराव म्हणाले. "पण सरकाराला ग्रॅममध्यें ठाऊक पाहिजे."

ग्रॅम तेव्हा नवे होते. बाजारात अजून पलम आणि वीशै ही जुनी वजनं चालायची. सेतुरावांना मात्र कचेरीतून नवा पितळी काटा आणि मखमलीच्या पेटीत वजनं मिळाली होती. रोज पहाटे ते तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसत आणि न्हाव्यानं वस्तरा पारखावा तसा तो काटा पारखत. एका पारड्यात एक वजन, दुसऱ्यात तेवढंच दुसरं, मग अदलाबदल. काटा डुगडुगायचा थांबेपर्यंत ते श्वाससुद्धा घेत नसत. सातही दिवस मी हे माझ्या दारात दात घासत पाहिलं आहे.

दहा घरांतलं एक कामाक्षी मामींचं होतं. मामींचा नवरा वारला होता. अप्पळम लाटून त्या तीन मुलींना वाढवत होत्या. अप्पळम म्हणजे तिकडचे पापड. तिन्ही मुली त्याच शाळेत. दुपारी सुट्टीत त्या घरी येत, पाणी पीत आणि परत जात. शाळेत जेवण सुरू झालं असतं तर ते कुणासाठी, हे सांगायला काट्याची गरज नव्हती.

पाहणीचा पहिला दिवस उजाडला. सेतुरावांनी मामींच्या घरी तोललं ते असं: तुरीची डाळ भरपूर, वांगी सहा, तूप एक वाटी, तांदूळ हवे तेवढे. दुसऱ्या घरी डाळ भरपूर, वांगी सहा. तिसऱ्या घरी तसंच. आमची गल्ली खाऊनपिऊन सुखी निघाली.

तिसऱ्या दिवशी मी सुशीलाला विचारलं, "आपल्याकडे आज वांग्याचं काय करणार होतीस ना?"

"वांगी फिरतीवर आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अहो, सेतुराव पुढच्या दारानं घरात शिरतात आणि पुढच्याच दारानं बाहेर पडतात. मागचं अंगण सगळ्यांचं एकच, विहिरीचं. ते वही लिहीत बाहेर पडले की डाळ, वांगी, तूप मागच्या दारानं पुढच्या घरी. कामाक्षी मामींनी मागितलं, मी नाही कशी म्हणू? परका माणूस चुलीपाशी येणार आणि डबे रिकामे दिसणार? डाळ आपली, तूप पलीकडच्या वकिलांच्या बायकोचं. त्या डाळीला आता गल्ली पाठ झाली असेल."

"पण मुलांचं जेवण जाईल की!"

"ते मी म्हटलं मामींना. म्हणाल्या, 'जेवण राहिलं तर पोट दुखेल, उद्या विसरेल. अब्रू गेली तर मुलींची लग्नं कोण करील?'"

घरात अन्न नाही हे कबूल करण्यापेक्षा घरात अन्न नसणं बरं, असा या देशाचा जुना न्याय आहे. सगळ्या पाहण्या या न्यायासमोर हात टेकतात आणि मग त्यांचे अहवाल छापले जातात.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी धीर करून सेतुरावांकडे गेलो. ते एकटेच राहत. भिंतीवर एक कॅलेंडर, कोपऱ्यात एक स्टोव्ह, एका माणसापुरतं एक पातेलं. ते वहीत बेरजा करत होते.

"सेतुराव, त्या डाळीबद्दल जरा..."

"ठाऊक आहे," ते वर न बघता म्हणाले. "दहा घरीं डाळ, आणि दहाही घरीं ग्रॅमाचाही फरक नाहीं. देवळांतला प्रसाद देखील इतका सारखा वाटीत नाहींत. एका वांग्याला देठापाशीं डाग होता. चौथ्या घरीं तें पुन्हा भेटलें तेव्हां त्याला नमस्कार करावा वाटला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? अहवालांत घरांचीं नांवें असतात. अमक्या घरच्या बाईनें उसनें अन्न दाखविलें, असें लिहायचें? तें सभेंत वाचतात, साठेराव. ह्याच गल्लींत."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मुलें पाणी पितील." त्यांनी वही मिटली. "सरि. बघूं."

बघायची वेळ लवकरच आली. आकडे होते तसे वर कचेरीत गेले आणि डायरेक्टरसाहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आपण पत्रकं वाटली आणि गल्ली सुधारली! दूध, अंडं आणि सफरचंद आकड्यांत कुठेच नव्हतं, पण उत्साही माणूस इतकं बारीक बघत नाही. त्यांनी शाळेपुढे सभा ठेवली. मांडव पडला, कर्णे लागले. 'आदर्श आहार गल्ली' असं तमिळ आणि इंग्रजीत लिहिलेलं कापड टांगलं गेलं. गल्लीला एक मानपत्र द्यायचं होतं आणि माणशी सर्वांत उत्तम आकडे ज्यांचे, त्या कामाक्षी मामींनी ते घ्यायचं होतं. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून, ताठ मानेनं पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुलं खाली मातीत. व्यासपीठावर साहेबांपुढे काजूची बशी.

साहेबांनी काजू संपेपर्यंत दम धरला आणि मग पाऊण तास कुपोषणावर बोलले. शेवटी म्हणाले, "ज्ञानानं भुकेवर मात केल्याचं हे उदाहरण आहे. या शाळेला आता दुपारच्या जेवणाची आवश्यकता उरलेली नाही. त्याऐवजी आम्ही इथे आहारशास्त्राचे रंगीत तक्ते लावू!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मानाचा प्रसंग होता. वाजवणं भाग होतं. आपल्या पोरांच्या जेवणाला टाळ्या वाजवून निरोप देताना मी त्याआधी कुणाला पाहिलं नव्हतं.

मामी मानपत्र घ्यायला उठल्या. तेवढ्यात व्यासपीठाच्या कडेच्या लोखंडी खुर्चीवरून सेतुराव उभे राहिले.

"सर," ते तमिळमध्ये म्हणाले, आणि कर्ण्यानं ते सगळ्या गल्लीला ऐकवलं, "काटा बिघडलेला होता."

"कुठला काटा?"

"माझा. जास्त दाखवत होता. माझी वजनं सगळी रद्द करा."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं स्मित उतरायला थोडा वेळ लागला. जागा पुष्कळ होती. "सात दिवस? रोज सकाळी काटा तपासायचा असा नियम आहे!"

"आहे, सर. मी तपासला नाही."

माझ्या शेजारी सुशीलानं माझं मनगट घट्ट धरलं. मी तोंड उघडलं होतं.

"मग या गल्लीची पोषणस्थिती ठरवायची कशावरून?" साहेब ओरडले.

सेतुरावांनी खाली मातीत बसलेल्या मुलांकडे हात केला. "सर, ती समोरच बसली आहे."

आधी कुणीतरी हसलं, मग मांडवच हसला. व्यासपीठावर शोभेसाठी आणलेले एक सरकारी डॉक्टर होते. शोभा सोडून त्यांना काम करावं लागलं. मुलं एकेक पुढे आली. डॉक्टर पापणी ओढून बघत, ओठांचे कोपरे बघत आणि यादीत फुली मारत. निम्म्याहून अधिक नावांपुढे फुली पडली. मामींच्या तिन्ही मुलींच्या नावापुढे पडली, तेव्हा मामी मोठ्यानं म्हणाल्या, "घरी नीट खातच नाहीत हो! कितीही करा!" लगेच इतर आयांनीही आपापल्या मुलांच्या खोडी सांगितल्या. मुलं हट्टी होती, काटा खोटा होता, घरं भरलेली होती. सगळ्यांची अब्रू शाबूत राहिली. एकाची सोडून.

पुढच्या महिन्यात शाळेत भात आणि सांबार सुरू झालं. मामींनी गल्लीत सांगितलं, "मुलींना मैत्रिणींबरोबर बसायला बरं वाटतं म्हणून पाठवते. नाहीतर घरी काय कमी आहे?" सेतुरावांना कचेरीतून मेमो मिळाला. जवळ आलेली बढती गेली आणि उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांची देखरेख करायला त्यांना गोदामात बसवलं. गल्लीतली पोरं त्यांना 'तप्पु तरासु' म्हणू लागली, म्हणजे चुकीचा काटा. शाळेतून जेवून येताना ती हे अधिक जोरात ओरडत. अंगात तेवढी ताकद आली होती. मामी तर विहिरीवर रोज हा विषय काढत. "सात दिवस माझ्या चुलीपाशी नाचला तो माणूस! माझी डाळ खरी, त्याचा काटा खोटा!" सुशीला खाली मान घालून कळशी भरत असे.

एका शनिवारी दुपारी कचेऱ्या लवकर सुटल्यावर मी सेतुरावांशेजारी तिण्णैवर बसलो होतो. पोरं ओरडत गेली. मला राहवलं नाही.

"सेतुराव, तुमचा काटा चोख होता. मी रोज पाहिलाय. एवढी नामुष्की घ्यायचं कारण काय होतं? साहेबांना एकांतात सांगायचं होतंत."

त्यांनी माझ्या खालच्या पापणीकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझ्या तब्येतीवर काहीतरी बोलून विषय टाळतील.

"आमच्या तंजावराकडे," ते म्हणाले, "जेवण जाहलें म्हणजे उष्टें पान दारासमोर टाकीत. कोण काय जेवलें तें गल्लीला पानावरून कळे. वडील मी लहान असतांच वारले. आई आणि मी दोघेंच. रोज दुपारीं आमच्या दारांत दोन पानें पडत. एक माझें, एक तिचें."

"बरं."

"माझें पान खरें असे. तिच्या पानावर ती चिंचेच्या पाण्यांत हळद कालवून शिंपडी. वर एक कढीलिंबाचें पान ठेवी. नीट दुमडी आणि बाहेर टाकी. गल्लींत कोणाला कळलें नाहीं. गाईला कळे. गाय येई, माझें पान चाटून चाटून खाई, आणि तिचें हुंगून पुढें जाई. तें पाहून मला कळलें. पण मी कांहीं बोललों नाहीं."

समोरून मामींची धाकटी शाळेचं ताट हलवत गेली. सेतुराव ती वळेपर्यंत बघत राहिले.

"मी तेरा वर्षांचा असतां ती शेवटची आजारी पडली. वैद्य आले. त्यांनीं विचारलें, बाई जेवते की नाहीं? दारांत गल्ली जमली होती. सगळे म्हणाले, जेवते हो, रोज जेवते, आम्हीं पान पाहतों. मग वैद्यांनीं मला विचारलें. आई माझ्याकडे बघत होती."

अंगवस्त्राचं टोक त्यांनी गुडघ्यावर नीट पसरलं.

"मग?" मी विचारलं. "तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलों, होय. जेवते."